गोजरा अपार्टमेंटचा उलटा जिना

भाविका भजी आणायला खाली उतरली आणि वर आली, तेवढ्या वेळात कोणीतरी तिचा समुद्र बंद करून टाकला होता.

कोपरखैरण्याच्या गणराज कॉम्प्युटर क्लासमध्ये दुपारी फारसं कोणी नसायचं. म्हणून कोपऱ्यातल्या मशीनवर तिनं सकाळपासून एक चित्र लावून ठेवलं होतं. काचेचा एक गोळा, खाली पाणी, पाण्यावर उतरतं ऊन. पोव्ह-रे नावाचा तिचा लाडका प्रोग्राम प्रकाशाचा एकेक किरण मोजत, वरून खाली एकेक ओळ रंगवत यायचा. सावकाश, पण असा सुंदर, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. आकाश झालं होतं, गोळा झाला होता, पाणी नुकतं कुठे सुरू झालं होतं… आणि आता पडदा काळा, डबा उघडा, आणि डब्यात डोकं घालून एक पाठमोरा मुलगा बसलेला.

"अहो! काय केलंत हे?"

मुलगा दचकला. त्याचं डोकं पत्र्यावर आपटलं. "मेमरी टाकतोय… क्लासच्या कान्हासरांनी सांगितलं, डावीकडच्या कोपऱ्यातलं मशीन."

"कोणाच्या डावीकडच्या?"

"म्हणजे?"

"दारातून आत येणाऱ्याच्या, की फळ्यापाशी उभं राहणाऱ्याच्या?"

त्यानं दाराकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. कपाळावर धुळीचा पट्टा, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि चेहरा असा, जणू शेजारच्यांचं मांजर त्याच्याच हातून हरवलं असावं.

"सॉरी," तो म्हणाला. "खूप काम गेलं का?"

"सकाळपासूनचं," भाविका म्हणाली.

खरं सांगायचं तर काहीही गेलं नव्हतं. झालेल्या ओळी फाइलमध्ये जशाच्या तशा होत्या आणि तिथूनच पुढे सुरू करता येत होतं. हे भाविकाला पक्कं ठाऊक होतं. पण समोरचा माणूस इतका मनापासून ओशाळला होता, की सांगायचं तिच्या जिवावर आलं. तिनं भज्यांचा पुडा मात्र पुढे केला. डाव्या हातानं. लगेच लक्षात येऊन तो तिनं उजव्या हातात घेतला. त्याचं त्याकडे लक्षही नव्हतं. त्यानं एक भजं उचललं आणि पुन्हा एकदा सॉरी म्हटलं.

त्याचं नाव धनेश मढवी. पावणे गावचा. एमआयडीसीत पोलादी टाक्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तो टाक्यांची ड्रॉइंग काढायचा आणि सुटीच्या दिवशी ओळखीपाळखीच्यांची कॉम्प्युटरं दुरुस्त करायचा. एवढ्यावर ओळख संपायला हवी होती. पण पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. मेमरी नीट बसलीय का बघायला, म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारी पंख्याचा आवाज येतोय का बघायला. नंतर नंतर तो कारण सांगायचं विसरूनच गेला.

आणि भांडण सुरू झालं. गोड भांडण. विषय एकच, कोणाचं चित्र खरं.

धनेशचा जीव व्हीआरएमएलवर, म्हणजे आत शिरून फिरता येईल अशी चित्रं लिहायच्या भाषेवर. "स्टँडर्ड आहे ते, स्टँडर्ड! मी पावण्यात बसून एक जिना बनवला ना, तर तिकडे अमेरिकेतला माणूस तो चढून वर जाऊ शकतो. त्याच्याकडे मशीन कुठलंही असू दे."

"आणि वर जाऊन त्याला काय दिसतं? प्लास्टिकची बादली! ना धड सावली, ना चमक."

"तुमच्या चित्रातला जिना चढता तरी येतो का?"

"नाही येत. पण बघत बसावंसं वाटतं."

"ते तर मलाही…" धनेश थांबला. त्या वेळी तो चित्राकडे बघत नव्हता. भाविकाच्या कानाची पाळी उगाचच तापली आणि तिनं कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसली.

मग कान्हासरांनीच तोडगा काढला. एकच देखावा घ्या आणि दोघांच्या प्रोग्रामांत करून बघा. झालं! घरातला पितळी हंडा, खिडकी आणि कंदील, एवढाच देखावा. धनेशचा हंडा माउस हलवताच गरागरा फिरायचा. भाविकाच्या हंड्याला पोटभर वेळ लागायचा, पण त्याच्या पोटात खिडकी उमटायची, अगदी वाकलेल्या गजांसकट. रेंडरमॅन या सिनेमावाल्यांच्या पद्धतीचे नियम पाळणारा एक फुकटचा प्रोग्रामही मासिकाबरोबरच्या सीडीवर मिळाला, तोही त्यांनी लावून पाहिला. त्यात हंड्याला पोचे फार छान पाडता येत. पण त्याची बाजू घ्यायला तिसरं कोणी नव्हतं आणि या दोघांना तिसरं कोणी नकोच होतं. हंड्याची तुलना करता करता 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. भाविकाला कळलं होतं, खरं तर. पण तिनं कळू दिलं नाही.

इकडे घरी वेगळंच शिजत होतं.

भाविकाचे वडील गोटीराम. भातशेती नव्या शहरात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, आणि आता त्या प्लॉटवर इमारत उठणार होती. नाव ठरलेलं होतं, गोजरा अपार्टमेंट. गोजरा म्हणजे भाविकाची आई. सळया कळंबोलीहून आल्या होत्या, नारळ अक्षय्य तृतीयेला फुटणार होता. राहिला होता तो रस्त्यावर लावायचा मोठा फलक. फ्लॅट घ्यायला येणाऱ्याला इमारत आधी चित्रात दिसायला नको का? गावात असे फलक नामदेव पेंटर रंगवायचा.

"बाबा, चित्र मी करते," भाविका म्हणाली. "कॉम्प्युटरवर. फोटोसारखं. नावाची अक्षरं नामदेवकाकांना काढू दे."

"तू? ते तुझे काचेचे गोटे सोडून?"

"वाशीला एका ऑफिसात अशीच चित्रं करायला माणसं घेतायत, बाबा. मला तिथं जायचंय. एकदा माझं काम बघा तरी."

गोटीरामांनी सुपारी कातरली. उरणहून एक स्थळ आलं होतं. पोरगा कंत्राटदार, घरचं सगळं चांगलं, नाव ठेवायला जागा नाही. "बघ हां पोरी. फलक झकास झाला, तर वाशीला जा. उरनच्यांना मी थांबवतो. नाय झाला, तर तिजेनंतर ते बघायला येतील आनि तू गप साडी नेसून बसशील. कबूल?"

"कबूल," भाविका म्हणाली. वाशीच्या नोकरीसाठी म्हणाली की आणखी कशासाठी, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

धनेशला तिनं फलकाचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं. उरणचं सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि तिसऱ्यांदा कसंबसं सांगितलं. धनेशनं हातातली वायर खाली ठेवली.

"मग फलक झकासच झाला पाहिजे," तो म्हणाला. बस्स, एवढंच! पण दुसऱ्या दिवसापासून कारखान्यातून सुटला की तो नकाशा घेऊन बसू लागला. भिंती, बाल्कन्या, जिना, सगळी इमारत तो त्याच्या पद्धतीनं उभी करणार आणि भाविका तिच्यावर ऊन पाडणार, असं ठरलं. त्याची इमारत तिच्या प्रोग्रामात न्यायला धनेशनं एक छोटासा प्रोग्रामही लिहिला.

पहिलं छोटं चित्र निघालं आणि दोघंही आनंदानं पुढे वाकली. मग तशीच थिजली.

जिना नाल्याकडे होता.

खरा जिना गावदेवीच्या देवळाकडे, रस्त्याच्या बाजूला. नाला पलीकडच्या अंगाला. चित्रात सगळं आरशात बघावं तसं उलटं.

"आपल्या हातांचा घोळ आहे हा," भाविका हसत म्हणाली आणि तिनं डावा हात स्क्रीनसमोर धरला. "हे बघ. तीन बोटं, तीन दिशा. अंगठा उजवीकडे, पहिलं बोट वर, मधलं बोट समोर, स्क्रीनच्या आत. माझ्या प्रोग्रामात अधिक म्हणजे दूर."

धनेशनं उजवा हात धरला. "अंगठा उजवीकडे, पहिलं बोट वर, आणि मधलं… माझ्याकडे. माझ्यात अधिक म्हणजे जवळ."

दोन हात शेजारी शेजारी उभे राहिले. त्याच्या मनगटाला मशीनच्या तेलाचा वास होता. भाविकाला वाटलं, घोळ मिटूच नये.

"तुझ्या बाजूला दूर-जवळच्या आकड्यापुढे एक वजा टाक, की झालं," ती म्हणाली.

"मी का? स्टँडर्ड माझं आहे. तू टाक."

"पुस्तकात लिहिलंय, डावा हात धरा म्हणून."

"डाव्या हातानं कोण मोजतं गं? उलटं तुझंच आहे सगळं."

तो चेष्टेत बोलला होता. पण भाविकाचा हात हळूच खाली गेला. डाव्या हातानं जेवू नको, डाव्या हातानं देऊ नको, देवाला डावा हात लावू नको… लहानपणापासून हेच ऐकत ती मोठी झाली होती. आणि मग एके दिवशी या प्रोग्रामाच्या पुस्तकानं, तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच, तिला सांगितलं की तुझा डावा हात वर कर. बाकी सगळे प्रोग्राम सोडून ती याच्याच प्रेमात का पडली, ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. धनेशला सांगणार होती. एखाद्या रविवारी.

"हो, माझं उलटंच असतं," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली.

मग सगळं सुनं सुनं. धनेश क्लासमध्ये आला, तेव्हा ती नव्हती. ती आली, तेव्हा तो नव्हता. बाल्कन्यांच्या जाळ्या घालून त्यानं इमारतीची नवी डिस्क कान्हासरांकडे दिली, तीही निरोपाशिवाय. फलक छापायला द्यायचा दिवस आला, तेव्हा भाविका ती डिस्क हातात धरून नुसती बसून राहिली.

राग कधीच विरला होता. उरली होती फक्त आठवण, कपाळावरच्या धुळीच्या पट्ट्याची. रोज दिवसभर टाक्या काढून आलेला हा मुलगा डोळे चोळत तिच्या आईच्या नावाची इमारत उभी करत बसला होता. कशासाठी? एका वजासाठी त्याला हरवायचं, आणि जिंकून करायचं काय?

'जाऊ दे. त्याचं राहू दे,' ती मनाशी म्हणाली आणि तिनं आपल्या बाजूला वजा टाकला. डाव्या हाताच्या बोटानं.

चित्र सुरू झालं. आकाश आलं… पाण्याची टाकी आली… गच्ची आली. तेवढ्यात घरून बोलावणं आलं. सणाचा स्वयंपाक, पाहुणे, आई एकटी. उरलेल्या ओळी मशीनच्या हवाली करून ती पळाली. झालेलं चित्र कान्हासरांनीच वाशीला नेऊन छापून घेतलं आणि नामदेव पेंटरनं अक्षरं रंगवून, वर चादर टाकून, फलक थेट प्लॉटवर उभा केला.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी प्लॉटवर सगळं गाव लोटलं होतं. खाडीकडून खारा वारा सुटला होता, चादर फडफडत होती. गर्दीच्या कडेला, इस्त्रीच्या शर्टात, धनेश उभा होता. भाविकाची आणि त्याची नजरानजर झाली. त्यानं हळूच मान हलवली. 'काळजी करू नकोस' अशी. तिनंही तश्शीच मान हलवली. दोघांच्याही चेहऱ्यावर एक गुपित होतं आणि दोघांनाही दुसऱ्याचं माहीत नव्हतं.

नारळ फुटला. गोटीरामांनी चादर ओढली.

"आई शप्पथ!" मागून कोणीतरी ओरडलं. काय दिसत होती इमारत! बाल्कन्यांच्या जाळ्यांच्या सावल्या भिंतीवर, काचांमध्ये आकाश, गच्चीच्या कडेला सोनेरी ऊन. गोटीरामांची छाती फुगली. आणि मग त्यांनी मान तिरकी केली.

"जिना नाल्यात का उतरतोय?"

सगळ्यांच्याच माना तिरक्या झाल्या. उरण… साडी… चहाचा ट्रे… सगळं एकदम भाविकाच्या डोळ्यांसमोर आलं.

"असं होणारच नाही," ती पुटपुटली. "मी तर वजा टाकला होता."

"काय?" गर्दीतून धनेश पुढे आला. "तू टाकलास? अगं, मी टाकला होता! नव्या डिस्कवर!"

"तू? तू कशाला? तुझं तर स्टँडर्ड…"

"चुलीत गेलं स्टँडर्ड! मी नको ते बोललो होतो. आणि तू कशाला टाकलास? तुझा हात सोडून?"

"तुझं राहावं म्हणून!"

"मला तुझं राहावं असं वाटत होतं!"

एकाच्या वजानं सरळ झालेलं चित्र दुसऱ्याच्या वजानं पुन्हा उलटं झालं होतं. भर मांडवात दोघंही समोरासमोर उभी राहून एकमेकांना पटवत होती, की चूक माझी, तुझी नाही. बोलता बोलता हातही वर गेले. तिचा डावा, त्याचा उजवा. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट. लोक बघतायत याचं भान दोघांनाही नव्हतं.

गोटीरामांनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं. मधलं बोट समोर, धनेशकडे. मग त्याच्या हाताकडे पाहिलं. मधलं बोट उलट फिरून स्वतः धनेशकडेच.

"थांबा!" ते गरजले. "दोघांची बोटं ह्याच्याकडंच हायत. म्हंजे चूक ह्याचीच! कोनाचा रे तू?"

"पावण्याच्या शिवा मढवींचा," धनेश कसाबसा म्हणाला.

"शिवाचा?" गोटीरामांचा आवाज अर्ध्यावर आला. "आगरावर मीठ ओढायला माझ्यासंगती असायचा तो. त्याच्या पोरानं माझा जिना नाल्यात घातला?"

हसू फुटलं. गर्दीतून वाट काढत गोजरा पुढे आली. नवीन नऊवारी, हातात पेढ्यांचं ताट. तिनं फलकाकडे निवांत पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"उलटं हाय. पन खोटं नाय," ती म्हणाली. "आरशात मी उलटीच दिसते ना? तवा तुमी मला वलखत नाय का?"

"अगो, पन जिना…"

"जिना होईल सरल. कॉम्प्युटरात हाय, सिमिटात नाय अजून." मग ती नवऱ्याच्या जवळ सरकली. आवाज खाली आणला, पण भाविकाला ऐकू जाईल इतकाच. "आनि उरनच्यांना येऊ नका म्हनून सांगा. तुमाला जिना दिसला, दुसरं काय दिसत नाय? दोघंबी एकमेकांची चूक आपल्या अंगावर घेतात. आपल्या लग्नाला एवढी वर्सं झाली, तुमी एकदा तरी घेतलीत का?"

गोटीराम एकदम फलकावरची गच्ची न्याहाळू लागले.

"पोरा," शेवटी ते धनेशला म्हणाले, "आज सरल करून दे. मग शिवाला घेऊन घरी ये. मिठाच्या गोष्टी राहिल्यात आमच्या."

दुपारी क्लासमध्ये दोघंच होती. कान्हासर बाहेर, दार सताड उघडं, खालच्या रस्त्यावर उसाच्या रसवाल्याची घुंगरं वाजत होती. एका मशीनसमोर दोन खुर्च्या.

"एकानं वजा काढायचा," धनेश म्हणाला. "तू तुझा काढ. मी माझा ठेवतो. तुझा हात डावा आहे, डावाच राहू दे. मी त्या दिवशी मूर्खासारखं बोललो, भाविका. मला तो हात…" त्यानं माउस उगाचच हलवला. "मला तो फार आवडतो. म्हणजे नुसता हात नाही… सगळीच…"

"सगळीच कोण?"

"तूच. आणखी कोण?"

भाविका खाली मान घालून हसली. मग तिनं मान वर केली, कारण हे खाली बघून बोलायचं नव्हतं.

"नको. माझा राहू दे. तू तुझा काढ," ती म्हणाली. "माझ्या हातानं मोजलं, की अधिक म्हणजे दूर जाणं. आतापर्यंत तेच बरं वाटायचं. सगळ्यांपासून लांब, उरणपासून तर फारच लांब. पण आता वजा टाकलाय ना, तर अधिक म्हणजे जवळ येणं झालंय. तसंच असू दे. मला तू आवडतोस, धनेश. मला लांब नाही जायचं."

धनेशनं आपल्या फाइलमधला वजा शोधला आणि पुसला. एवढ्याशा कामाला त्याची बोटं तीनदा चुकली.

भाविकानं आईनं बांधून दिलेले पेढे काढले आणि एक त्याच्यापुढे धरला. डाव्या हातानं. या वेळी तिनं हात बदलला नाही. धनेशनं क्षणभर पाहिलं आणि मग आपला डावा हात पुढे केला. त्याला सवय कुठली! पेढा निसटला, त्याच्या मांडीवर पडला, आणि दोघंही खो खो हसत सुटली.

"पहिल्या दिवशीचं सॉरी अजून उरलंय," तो पेढा खाता खाता म्हणाला. "तुझा समुद्र माझ्यामुळे गेला."

"गेला कुठे? फाइलमध्येच होता. संध्याकाळी तिथूनच पुढे सुरू केला मी."

धनेशचा पेढा हातातच राहिला. "आणि मी इतके महिने सॉरी म्हणतोय?"

"मला ऐकायला आवडायचं."

धनेशनं खुर्ची थोडी जवळ ओढली. भाविकानं चित्र सुरू केलं. आकाश आलं. पाण्याची टाकी आली. गच्ची आली, वरच्या मजल्याच्या काचा आल्या. घाई कोणालाच नव्हती. या खेपेला जिना गावदेवीच्या बाजूला पूर्ण खाली उतरेपर्यंत दोघांपैकी कोणीही जागचं उठलं नाही.